मोबाईलमधला कोकणकडा भिंतीवर आणि फलकावर नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा पावसाळ्यातला एक फोटो आहे, मोबाईलवर काढलेला, १२ मेगापिक्सेलचा. तो दिवाणखान्यात ३६ × २४ इंचांचा लावायचा आहे. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातल्या मित्राला तोच फोटो त्याच्या होमस्टेच्या २० × १० फुटी फ्लेक्सवर आणि ए-फोर आकाराच्या माहितीपत्रकावर हवा आहे. शिवाय आजोबांचा व्हॉट्सॲपवरून आलेला एक फोटो २० × १६ इंचांचा करून फ्रेम करायचा आहे. या सगळ्यासाठी फोटो मोठा करण्याचे सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?

सॉफ्टवेअरची नावे पुढे देतोच. पण ही चार कामे वेगवेगळी आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. त्यातल्या एका कामासाठी फोटो मोठा करायची गरजच नाही. एकासाठी थोडासा करावा लागेल. फ्लेक्सची तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते आहे, पण ते काम सोपे आहे. खरे अवघड काम आजोबांच्या फोटोचे आहे, आणि तिथे कुठलेही सॉफ्टवेअर उघडण्याआधी नातेवाइकांना फोन करावा लागेल.

आधी हिशेब मांडू. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० × ३००० पिक्सेल. तुमची चौकट ३६ × २४ ची, म्हणजे तीनास दोन. त्यामुळे वरून किंवा खालून थोडे छाटावे लागेल आणि हातात ४००० × २६६७ उरतील. ४००० पिक्सेल ३६ इंचांवर पसरले की इंचाला १११ पिक्सेल येतात. लॅबवाला म्हणेल, ‘तीनशेची फाईल आणा.’ ३००, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, हा आकडा चुकीचा नाही, पण तो हातात धरून पाहायच्या प्रिंटचा आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारीक वेगळेपण कळते. त्यावरून एक सोपा भागाकार निघतो: ३४४० ला पाहणाऱ्याच्या अंतराने, इंचांमध्ये, भागायचे. एक फुटावरून पाहिले तर २८७, म्हणजे ते प्रसिद्ध ३०० जवळपास आले. तीन फुटांवरून ९६ आणि दहा फुटांवरून २९ पुरतात.

म्हणजे सोफ्यावर बसून पाहणाऱ्याला तुमचा फोटो आहे तसाच, काहीही न वाढवता, चांगला दिसेल. पण लोक भिंतीवरच्या फोटोजवळ जातात. कड्याचा फोटो असेल तर नक्कीच जातात, आपण कुठे उभे होतो ते बोट ठेवून दाखवतात. म्हणून घरातल्या मोठ्या प्रिंटसाठी मी इंचाला २०० च्या आसपास धरतो. तुमच्या बाबतीत त्यासाठी फोटो प्रत्येक बाजूने दुपटीपेक्षा थोडा कमी वाढवावा लागेल. हे माफक काम आहे. कागद किंवा कॅनव्हास काय घेता यावरही अवलंबून आहे. कॅनव्हासची वीण आणि मॅट कागदाचा पोत बऱ्याच उणिवा पोटात घालतात, तर चकचकीत कागद आणि ॲक्रिलिक प्रत्येक दोष पुढे करतात. तुमच्या फोटोला मी मॅट कागद किंवा कॅनव्हास सुचवेन. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून घेणार असाल तर चारही बाजूंनी दीड-दोन इंच चित्र कडेवर वळते, ते आधीच धरून ठेवा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. फोटोच्या गुणधर्मांत ‘७२’, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल, असे लिहिलेले दिसते आणि कुणीतरी ते बदलून ‘३००’ करून देतो. पिक्सेल तेवढेच राहिले असतील तर फोटोत काडीचाही फरक पडलेला नसतो. फाईलमध्ये खरे मोल असते ते लांबी-रुंदीच्या पिक्सेलना.

आता फोटो ‘वाढवणे’ म्हणजे नेमके काय होते ते पाहू, कारण पद्धतीची निवड त्यावरच ठरते. जुन्या गणिती पद्धती, म्हणजे बायलिनिअर, बायक्युबिक, लँक्झोस, शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल काढतात. त्या नवीन काही घालत नाहीत, चित्र फक्त मऊ होते. २०१४ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कवर आधारलेल्या पद्धतींवर काम सुरू झाले आणि आज ज्याला सगळे ‘एआय अपस्केलिंग’ म्हणतात ते त्यातून आले. या पद्धती हजारो फोटो पाहून शिकलेल्या असतात. अशा धूसर डागाच्या जागी बहुधा गवत असते, अशा रेघेच्या जागी बहुधा खडकाची भेग असते, असा अंदाज करून त्या तपशील भरतात. हे काम रफू करण्यासारखे आहे. साध्या विणीवरचे रफू कुणाला दिसत नाही, पण पैठणीच्या पदरावरचा मोर मूळ पाहिल्याशिवाय कुणालाच भरता येणार नाही.

म्हणून मी प्रत्येक फोटोला पहिला प्रश्न हाच विचारतो: यात कुठे अंदाज चालेल आणि कुठे चालणार नाही? कड्याचा बेसाल्ट, दरीतले गवत, झाडी इथे चालतो. तिथे गवताची पाती मुळात सातच होती की नऊ, याने कुणाचे काही बिघडत नाही. माणसाचा चेहरा, पाटीवरची अक्षरे, दागिन्याची घडण, विकायच्या वस्तूचा पोत इथे अंदाज चालत नाही. देवनागरीच्या बाबतीत तर विशेष जपा. लहान अक्षरे मोठी करताना अनुस्वार गळतात, वेलांट्या भलतीकडे वळतात आणि दुरून अक्षरांसारखी दिसणारी पण वाचता न येणारी चिन्हे तयार होतात.

कोकणकड्याच्या फोटोत तीन भाग आहेत आणि तिन्हींना एकच औषध देऊ नये. खडक आणि गवत हा एक भाग. धुके आणि आकाश हा दुसरा. आणि जिथे कडा आकाशाला भिडतो ती रेषा हा तिसरा, तो सर्वांत नाजूक. मोबाईल फोटो काढतानाच स्वतः शार्पनिंग करतो, म्हणजे रेषा जास्त ठळक करतो, त्यामुळे त्या रेषेला लागून एक बारीक पांढरी कड बऱ्याचदा आधीच आलेली असते. फोटो दुप्पट केला की ती कडही दुप्पट होते आणि भिंतीवर सर्वांत आधी तीच दिसते. धुक्याची अडचण वेगळी आहे. तिथे पांढऱ्यातून राखाडीत अगदी हळू उतार असतो. जेपेग या फोटोच्या नेहमीच्या फाईल-प्रकारात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात, त्यामुळे मोठे केल्यावर त्या उताराचे पट्टे दिसू लागतात. शिवाय जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून ते दाबते. ते चौकोनही धुक्यात उघडे पडतात, आणि एआयला तिथे एखादा पोत असल्याचा भास होतो.

मी काम कसे करतो ते सांगतो. मूळ फाईल गुगल फोटोजमधून किंवा चॅटमधून घेऊ नका, थेट फोनमधून केबलने घ्या. फोनमध्ये रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, असेल तर तीच घ्या. पहिल्यांदा अंतिम प्रमाणात छाटणी करा, म्हणजे खरोखर किती पिक्सेल हातात आहेत ते कळते. मग नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले दाणे, आणि जेपेगचे चौकोन हलक्या हाताने साफ करा, रंग आणि उजेड नीट करा. हे सगळे १६ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पेक्षा कितीतरी जास्त पायऱ्या ठेवून, करा. शार्पनिंगला या टप्प्यावर हात लावू नका.

यानंतर त्याच फाईलच्या दोन प्रती करायच्या. एक प्रत साध्या बायक्युबिक पद्धतीने अंतिम मापापर्यंत वाढवायची. दुसरी एआयने. फोटोशॉप असेल तर कॅमेरा रॉमधले ‘सुपर रेझोल्यूशन’ वापरा. ते २०२१ मध्ये आले, लांबी-रुंदी प्रत्येकी बरोबर दुप्पट करते आणि अंदाज बेताने बांधते. तुमच्या कामाला दुप्पटच पुरते. पैसे खर्च करायचे नसतील तर ‘अपस्केल’ (Upscayl) नावाचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, ते तुमच्याच संगणकावर चालते. त्याला बरे ग्राफिक्स कार्ड लागते. त्यात चौपट करून मग हव्या मापापर्यंत लहान करा. लहान करताना त्याने भरलेला बराचसा खोटा चकचकीतपणा निघून जातो. टोपाझचे गिगापिक्सेल हेही चांगले आहे, पण एका फोटोसाठी त्यावर पैसे खर्च करायचे कारण मला दिसत नाही.

आता दोन्ही प्रती एकावर एक लेयर म्हणून ठेवा, खाली साधी आणि वर एआयची, आणि वरच्या लेयरला मास्क लावा, म्हणजे तो हवा तिथे दाखवता आणि नको तिथे लपवता येतो. खडक आणि गवतावर एआयची प्रत दिसू द्या. धुके आणि आकाशातून ती पूर्ण पुसून टाका. कडा आकाशाला भिडतो त्या रेषेवर मऊ ब्रशने अर्धीअधिक पुसा आणि पांढरी कड राहिलीच तर ती क्लोन ब्रशने दाबा. फोटोत कड्याच्या टोकाशी कुणी बसलेले असेल तर त्या माणसावर साधी प्रतच ठेवा. लहान आकृत्यांना एआय विचित्र हात आणि चेहरे देतो, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत ते फार खटकते. या मिश्रणाला अर्धा तास लागतो, पण सॉफ्टवेअर बदलत बसण्यापेक्षा याने कितीतरी जास्त फरक पडतो.

शेवटी अंतिम मापावर शार्पनिंग, आणि त्यावर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मवर दिसतात तसे दाणे. ग्रेनमुळे दोन प्रतींचे सांधे मिटतात आणि धुक्यातले पट्टेही फुटतात. फोटो दहा-दहा टक्क्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी वाढवावा असा सल्ला जुन्या लेखांत सापडेल. आजच्या पद्धतींत त्याचा काही उपयोग उरलेला नाही.

पडद्यावर शंभर टक्के झूम करून निकाल देऊ नका. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात. फोटो दुप्पट करून आलेली इंचाला सुमारे २२० पिक्सेलांची प्रिंट तिथे जवळजवळ अडीचपट मोठी दिसते आणि नसते दोष घाबरवतात. ४० टक्क्यांवर पाहा, ते प्रिंटच्या खऱ्या मापाच्या जवळ जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे नमुना काढणे. अंतिम फाईलमधून खडकाचा, धुक्याचा आणि कडेच्या रेषेचा असे तीन तुकडे खऱ्या मापात कापा, एका १२ × १८ च्या शीटवर मांडा आणि जवळच्या डिजिटल प्रेसमधून छापून आणा. तो कागद भिंतीवर चिकटवून दोन दिवस येता-जाता पाहा. मोठ्या प्रिंटच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. घरी असो वा गिऱ्हाइकाचे काम असो, मी हा नमुना टाळत नाही.

माहितीपत्रकाबद्दल फार लिहायला नको. ए-फोर पानावर ३०० ने हिशेब केला तरी ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात, तुमच्याकडे त्यापेक्षा जास्त आहेत. मूळ फोटो द्या, वाढवू नका.

फ्लेक्सकडे येऊ. २० फूट म्हणजे २४० इंच. दोनास एक अशी छाटणी करून ४००० पिक्सेल त्यावर पसरले की इंचाला जेमतेम १७ उरतात. आकडा ऐकून छातीत धस्स होते, पण ३० फुटांवरून पाहणाऱ्याला दहाही पुरतात. २०१५ मध्ये ॲपलने आयफोन ६ वर काढलेले फोटो जगभरच्या शहरांत इमारतीएवढ्या फलकांवर लावले होते आणि तो कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता. तरी मी फोटो एकदा दुप्पट करून ८००० × ४००० ची फाईल देईन, म्हणजे ३३ पिक्सेल होतील. त्यापुढे वाढवण्यात वेळ घालवू नका. अपवाद एकच: फलक होमस्टेच्या दारातच असेल आणि पाहुणे त्याला टेकून फोटो काढणार असतील, तर अंतर पाच फुटांवर येते. मग घरच्या प्रिंटसारखीच काळजी घ्या.

फ्लेक्सवर फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा डिझाइनच्या टेबलावर. आपल्याकडचे बरेच डिझायनर कोरलड्रॉमध्ये फुटाला इंच धरून, म्हणजे २० × १० इंचांच्या पानावर काम करतात. त्यात गैर काही नाही. पण ‘फ्लेक्सला ७२ चालते’ म्हणून त्या लहान पानावरूनच ७२ वर एक्स्पोर्ट केले, तर २० गुणिले ७२ म्हणजे फक्त १४४० पिक्सेल बाहेर पडतात. तुम्ही मेहनतीने केलेली ८००० ची फाईल तिथे मातीत जाते. म्हणून मित्राला सांगा, छपाईला जाणाऱ्या फाईलची रुंदी पिक्सेलमध्ये विचारून घे. आणि नाव, फोन नंबर, बाण हे सगळे फोटोत मिसळू नका. ते व्हेक्टरच, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषांच्या रूपातच, राहू द्या आणि श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरले असतील तर अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, बदलून पाठवा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे तुटणार नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला फोटोच्या बारकाव्यापेक्षा अक्षरांची सुबकता आधी दिसते.

व्यावसायिक वापराचा आणखी एक पदर आहे. होमस्टेच्या जाहिरातीत कडा जसा आहे तसाच दिसला पाहिजे. गवत जास्त रेखीव झाले तर हरकत नाही, पण नसलेला धबधबा उमटला तर पाहुण्याची फसवणूक होते. त्यामुळे एआयची प्रत मूळ फोटोशेजारी ठेवून कोपरा न् कोपरा तपासा. हाच फोटो पुढे स्पर्धेला पाठवणार असाल तर आधी नियम वाचा. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत एआयने वाढवलेले फोटो चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मित्राला फोटो कुठे-कुठे वापरता येईल तेही दोन ओळींत लिहून द्या, मैत्रीत तर ते जास्तच बरे.

तुम्हाला पुन्हा गडावर जाणे शक्य असेल तर या सगळ्याहून चांगला मार्ग आहे. फोन उभा धरा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा आणि डावीकडून उजवीकडे तीन-चार फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग येऊ द्या. घरी ते जोडले की चारही बाजू छाटूनही २० मेगापिक्सेलच्या पुढचा फोटो मिळतो, आणि त्यातला प्रत्येक पिक्सेल खरोखर टिपलेला असतो. फोनच्या कॅमेऱ्यात ४८ किंवा ५० मेगापिक्सेलची सोय असेल तर तीही चालू करून पाहा. एरवी असे बरेच फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ चाच फोटो देतात. भरपूर उजेडात पूर्ण मापाचा फोटो उपयोगी पडतो, अंधारात नाही. आणि चिमटीने झूम करू नका. लेन्सच्या आवाक्याबाहेर गेलेला डिजिटल झूम म्हणजे फोनने आधीच छाटून वाढवलेला फोटो असतो.

आता आजोबा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलांवर आणते आणि वर दाबतेही. २० इंचांवर ते इंचाला फार तर ८० पडतात. त्यात समूहातला चेहरा कापून घ्यायचा असेल तर चेहऱ्याला दोन-अडीचशे पिक्सेलही मिळत नाहीत. इथे एआय लावला की निकाल पहिल्या नजरेला थक्क करतो. डोळे स्वच्छ, कातडी तुकतुकीत, दात सरळ. मग आजी तो फोटो हातात घेते आणि म्हणते, हे आमचे नव्हेत. चेहरा सुधारणारी सॉफ्टवेअर, जीएफपीगॅन असो वा त्याच्या पुढची, हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून एक शक्य चेहरा तयार करतात. गालावरचा तीळ जातो, चष्म्याची काडी वाकते, कपाळावरचे गंध डाग समजून पुसले जाते, आजीच्या नथीतले मोती एकमेकांत विरघळतात. कड्याच्या गवतात चालणारा अंदाज इथे चालत नाही.

म्हणून व्हॉट्सॲपवरचा तो फोटो कुणी पाठवला ते शोधा. त्यांच्याकडे मूळ डिजिटल फाईल असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, तशी पाठवली की ती जशीच्या तशी येते. एचडीचा पर्याय बरा आहे, पण त्यातही फाईल दाबली जाते. फोटो जुन्या अल्बममधला असेल तर अल्बमच गाठा. ६ × ४ इंचांची प्रिंट फ्लॅटबेड स्कॅनरवर इंचाला ६०० ने स्कॅन केली की ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात, आणि २० × १६ इंचांसाठी छाटूनही इंचाला दीडशे उरतात. १२०० ने स्कॅन करून फाईल फुगते, तपशील सहसा वाढत नाही. कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखा खडबडीत पोत असेल तर स्कॅनरमध्ये तो फार उठतो. तेव्हा प्रिंट सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून समान उजेड द्या आणि कॅमेऱ्याने टिपा. निगेटिव्ह मिळाली तर तीच सर्वांत उत्तम, ती २४०० किंवा त्याहून जास्तवर स्कॅन करून घ्या.

मूळ काहीच सापडले नाही, तर माप कमी करा. व्हॉट्सॲपच्या फाईलमधून १० × ८ इंचांची प्रिंट इंचाला फार तर १६० पिक्सेलांनी येते. ती मॅट कागदावर छापून रुंद पांढऱ्या माउंटसह मोठ्या फ्रेममध्ये बसवा, भिंतीवर ती २० × १६ ची जागा व्यवस्थित भरते. एआय वापरायचाच असेल तर कपडे, खुर्ची, पार्श्वभूमी यांवर वापरा. चेहऱ्यावर साधी वाढवलेली प्रत ठेवा आणि वरची एआयची प्रत फार तर वीस-तीस टक्के दिसू द्या. आणि कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर घरच्यांचे चेहरे चढवण्यापेक्षा आपल्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर बरे. छापण्याआधी तो चेहरा आजोबांना जवळून ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवा, आणि त्यांनी किंचितही मान हलवली तर वरचा लेयर काढून टाका.